आमच्या कादंबरीतला मतदार

मराठीत राजकीय कादंबरी नाही, अशी तक्रार आता कोणी करू नये. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी ती केव्हाच खोटी ठरविली आहे. मुख्यमंत्र्याची खुर्ची कशी डळमळते आणि ती हलविणारे हात कोठकोठून येतात, हे साधूंनी फार जवळून दाखविले. या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली चित्रपट केला. या साऱ्यांविषयी आदर ठेवूनच मला एक गोष्ट विचारावयाची आहे. या सिंहासनावर माणसाला बसविणारा मतदार कोठे आहे?

मंत्री आहेत, कामगार पुढारी आहे, तस्कर आहेत, पत्रकार आहे. परंतु मत कोणाला द्यावे या विचाराने रात्री कूस बदलणारा एकही माणूस पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात उरत नाही. आमच्या बहुतेक राजकीय लेखनात तो येतो तो सभेतली गर्दी म्हणून, नाही तर पाकीट घेणारा हात म्हणून.

माझ्या गावाचेच उदाहरण घेतो. वसमत तालुक्यातील हट्टा हिंगोली लोकसभा मतदारसंघात येते. २०१९ साली येथून शिवसेनेचे हेमंत पाटील धनुष्यबाणावर निवडून आले. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला व ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्हही शिंदे गटाला दिले. २०२४ च्या लोकसभेत या मतदारसंघाने मशालीचे नागेश पाटील आष्टीकर निवडून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वसमतने विधानसभेला घड्याळाचे चंद्रकांत नवघरे निवडले, आणि ते होते समोरच्या आघाडीचे. पंडितांनी पहिल्याला लाट म्हटले, दुसऱ्याला उलटी लाट. जणू मतदार म्हणजे समुद्राचे पाणी, चंद्र ओढील तिकडे जाणारे!

यातली काही मते भावकीवर गेली असतील, काही जातीवर, काही पैशावर. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दिल्लीला एक न्याय आणि मुंबईला दुसरा, असा हिशेब मनाशी मांडून बटण दाबणारी माणसेही त्यात असणारच. ज्याचे कोणत्याच झेंड्याशी लग्न लागलेले नाही, अशा माणसाला आपण ‘कुंपणावरचा’ म्हणून हिणवितो. खरे म्हणजे पुढाऱ्याची झोप उडते ती त्याच्यामुळेच. बांधलेल्या मताची कोणाला धास्ती?

‘सिंहासन’ चित्रपटाच्या शेवटी सारे पाहून थकलेला दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू प्रामाणिक आहे, पण त्यातून ‘सगळे सारखेच’ एवढाच धडा प्रेक्षक घरी नेतो, आणि हा धडा खुर्चीवाल्यांना फार सोयीचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आपल्याला ‘नोटा’ मिळाला. तोही दिगूच्या हसण्यासारखाच आहे. त्याची नोंद होते, मोजणी होते, पण लोकसभा-विधानसभेत त्याने उमेदवार पडत नाही.

याउलट त्याच तेंडुलकर-पटेल जोडीच्या ‘सामना’तील मास्तर पाहा. दारूने खंगलेला म्हातारा. त्याच्याजवळ पक्ष नाही, पैसा नाही. एक माणूस नाहीसा कसा झाला, एवढाच प्रश्न तो धरून बसतो, आणि साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील मुळापासून हादरतो. मला हवा असलेला मतदार या मास्तरचा भाऊबंद आहे.

अडचण मी जाणतो. मंत्रालयातील कट दाखविता येतो, मत दाखविता येत नाही. १९५१ च्या कायद्याने ते गुप्त ठेवले आहे. कॅमेरा त्या पुठ्ठ्याच्या आडोशापाशी थांबतो, वार्ताहरही थांबतो. परंतु माणसाच्या मनात शिरण्याची परवानगी ज्या एका वाङ्मयप्रकाराला आहे, त्या कादंबरीनेही तेथेच का थांबावे? खुर्चीवरच्या माणसाचे मन आपण पुष्कळ वाचले. आता बोटाला शाई लावून घेणाऱ्याचे वाचले पाहिजे. ते वाचल्याशिवाय त्याला विकाऊ म्हणण्याचा अधिकार आम्हा लेखकांना नाही.