ग्रंथ हाच गुरु

शीख धर्माची ओळख करून देणारें एखादें मराठी पुस्तक हातीं आलें, कीं त्याचा प्रारंभ बहुधा दाढी, पगडी आणि किरपाण यांपासून होतो, व शेवट नामदेवांच्या ६१ पदांच्या अभिमानानें होतो. दोन्ही गोष्टी खऱ्याच. परंतु पहिलींत नुसता वेष दिसतो, आणि दुसरींत आपणच आपणांस दिसतों. मधला धर्म वाचकाच्या हातून निसटतो. आमच्या मतें त्या धर्माच्या श्रद्धा व आचार यांकडे जाण्याची सरळ वाट त्याच्या ग्रंथाच्या घडणींतून जाते.

पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं १६०४ सालीं हा ग्रंथ सिद्ध केला. लेखणी भाई गुरुदासांची होती. आज त्याचीं १४३० पृष्ठें भरतात. त्यांत गुरूंचीं चरित्रें नाहींत, सृष्टीच्या उत्पत्तीची कथा नाहीं, विधिनिषेधांची यादी नाहीं. बहुतेक सर्व रचना ३१ रागांखालीं लावलेली आहे. म्हणजे स्मृतिग्रंथ समजून जो तो उघडील त्याची निराशा व्हावयाची. तो गावयाचा ग्रंथ आहे. गुरुद्वारांतील मुख्य उपासना कीर्तनाची कां, याचें उत्तर येथेंच मिळतें. मात्र आमच्या हरिदासांच्या कीर्तनांतील आख्यान तेथें नसतें, पद हेंच सर्वस्व.

दुसरी गोष्ट मुद्रेची. आमच्या प्रत्येक संताची नाममुद्रा निराळी, आणि तिच्यामुळेंच अभंग कोणाचा तें कळतें. या ग्रंथांत सहा गुरूंची वाणी आहे आणि मुद्रा मात्र सर्वांची एकच, 'नानक'. कर्ता कोणता हें मथळ्यांतील 'महला' या शब्दापुढील आंकड्यावरून ओळखावयाचें. ज्योत एक, देह अनेक, ही शिखांची श्रद्धा अशी काव्याच्या रूढींतच मुरलेली आहे. म्हणून १७०८ सालीं नांदेड येथें देह ठेवण्यापूर्वीं गुरु गोविंदसिंहांनीं गुरुपद ग्रंथाकडे सोंपविलें, तें आम्हांस आकस्मिक वाटत नाहीं. त्यांनीं पिता तेगबहादुर यांची वाणी ग्रंथांत घेतली, पण स्वतःच्या विपुल रचनेला तेथें जागा दिली नाहीं. कवीला याहून कठीण त्याग कोणता असेल?

नांदेडहून परतलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें एकदां विचारलें, "मूर्ति नको म्हणणारे लोक पुस्तकावर चवरी कां ढाळतात?" प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. पहांटे ग्रंथाचा 'प्रकाश' होतो, रात्रीं 'सुखासन'. वर चांदवा, खालीं गादी, अंगावर रुमाल. हें राजोपचार पाहून देव्हाऱ्याची आठवण झाली तर पाहणाऱ्याचा दोष नाहीं, आणि निव्वळ उपचारांत अडकलेले भाविक तेथेंहि असतीलच. तथापि एक भेद आहे. ग्रंथ सहज उघडावयाचा आणि समोर येईल तें पद त्या दिवसाचा 'हुकूम' म्हणून ऐकावयाचें. येथें दर्शनाहून श्रवण मोठें. शिवाय तें वाचण्याचा अधिकार कोणत्याहि कुळाचा नाहीं. जाणता कोणीहि शीख, पुरुष वा स्त्री, वाचूं शकतो.

ग्रंथांत कोणाकोणाचें पद आहे हेंहि पाहावें: कबीर विणकर, रविदास चांभार, नामदेव शिंपी, शेख फरीद मुसलमान. फरीदांचा एखादा श्लोक गुरूंस अपुरा वाटला, तर तो न गाळतां त्याच्या शेजारीं त्यांनीं आपला श्लोक ठेवला. असें संपादन आमच्या वाङ्मयांत फारसें आढळत नाहीं. या ग्रंथापुढें वांकणारा थोर कुळींचा मनुष्य रविदासांच्या पदापुढेंहि वांकतो. लंगराची पंगत ही त्याच नमस्काराची पुढची पायरी होय. १६९९ च्या वैशाखींत आनंदपूर येथें पहिलें अमृत ज्या पांचांनीं घेतलें त्यांत बिदरचा न्हावी होता, पुरीचा पाणक्या होता. आणि मग गुरूंनीं त्यांच्याच हातून स्वतः दीक्षा घेतली.

आचार इतका सरळ उतरला असें मात्र नव्हे. १९२० सालीं दलित वर्गांतून आलेल्या शिखांचा प्रसाद अमृतसरच्या हरिमंदिरांतील पुजाऱ्यांनीं नाकारला. अखेर वाद ग्रंथापुढें गेला. निघालेल्या पदाचा आशय असा, कीं गुणहीनालाहि कृपेनें गुरुसेवेंत जागा मिळते. आणि प्रसाद स्वीकारला गेला. तरी पंजाबच्या कांहीं खेड्यांत आजहि दलितांचीं गुरुद्वारें निराळीं आहेत. ग्रंथानें दिलेला निकाल सर्व गांवांत पोंचलेला नाहीं.

आणि आमचें काय? २०१५ सालीं मराठी साहित्यसंमेलन नामदेवांच्या पंजाबांतील घुमान गांवीं भरलें, तेव्हां त्या ६१ पदांचा गौरव झाला तो योग्यच. तीं पदें १६०४ पासून हरिमंदिराच्या आंत गाइलीं जात आहेत. त्याच नामदेवांचे सांगाती चोखामेळा यांची समाधि पंढरपुरास देवळाच्या दाराबाहेर आहे, आणि चोखोबांच्या लोकांना तें दार उघडलें १९४७ सालीं, साने गुरुजींनीं उपोषण केल्यावर.