मोजणे म्हणजे माग काढणे नव्हे

अन्नातून पसरणाऱ्या रोगजंतूंचा माग काढणे हा आज पीएच.डी.च्या संशोधनाचा नित्याचा विषय आहे. विषय लोकोपयोगी आहे, यात शंका नाही. पण विद्यार्थ्यांना तो ज्या रीतीने शिकवला जातो, तिच्याविषयी आमची तक्रार आहे. नमुना बंद बाटलीतून प्रयोगशाळेत येतो. विद्यार्थी त्यातील जिवाणू पेट्री बशीत वाढवतो, वसाहती मोजतो आणि आकड्यांचा तक्ता प्रबंधात जातो. यात माग कोठे निघाला?

बारामती-इंदापूरकडच्या दुधाचेच उदाहरण घेऊ. धार काढल्यावर दूध किटलीतून गावच्या संकलन केंद्रावर जाते. अनेक घरांचे दूध तेथे एकत्र होते, बल्क कूलरमध्ये सुमारे 4 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले जाते आणि टँकरने प्रकल्पात पोचते. टँकरच्या नमुन्यात जंतू जास्त निघाले, तर दोष कोणाचा? कासेला दगडी झालेल्या गाईचा, किटली धुतलेल्या पाण्याचा, की वीज गेल्याने बंद पडलेल्या कूलरचा? अनुकूल उष्णतेत दर 20 मिनिटांनी दुप्पट होणारे जिवाणू 4 तासांत 4,096 पट होतात. म्हणजे गोठा स्वच्छ असूनही वाटेतील उशिराने दूध नासू शकते. नमुना एकाच ठिकाणचा असला, की ठपका शेतकऱ्यावर ठेवून मोकळे होता येते. त्याचे दूध परत जाते आणि दोष जागच्या जागी राहतो.

जंतूची जातही वाट दाखवते. दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवले, की कोलिफॉर्म जिवाणू मरतात. पाश्चरीकृत दुधाच्या पिशवीत ते सापडले, तर ते तापवल्यानंतर शिरले असावेत, अशी शंका प्रथम घ्यावी. बॅसिलस सेरियसचे बीजाणू मात्र ही उष्णता सोसतात. त्यांचा शोध गोठ्यातील माती-शेणापर्यंत मागे न्यावा लागतो.

न्यूयॉर्कमध्ये 1906-07 साली जॉर्ज सोपर यांनी विषमज्वराचा उगम शोधताना मेरी मॅलन या स्वयंपाकिणीने नोकरी केलेली घरे एकेक करून पडताळली. आज जंतूचा संपूर्ण जनुकक्रम वाचता येतो आणि दोन ठिकाणचे जंतू एका वंशाचे आहेत का, हे कळते. पण मधल्या टप्प्यांचे नमुनेच घेतले नसतील, तर तुलना कशाशी करणार?

प्रयोगशाळेतील कौशल्य हवेच. त्याबरोबर पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याने एका टँकरचा मार्ग गोठ्यापर्यंत उलट चालावा, प्रत्येक टप्प्यावर नमुना घेऊन वेळ व तापमान नोंदवावे आणि निष्कर्ष शेतकऱ्याला मराठीतून समजावून सांगावा, असे आम्ही सुचवतो.

याची सुरुवात शाळेतही करता येईल. गोठ्यातील आणि संकलन केंद्रावरील कच्चे दूध प्रत्येकी 10 मि.लि. घ्या. त्यात मेथिलीन ब्लूचे प्रमाणित सौम्य द्रावण 1 मि.लि. घालून परीक्षानळ्या 37 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. अर्ध्या तासाच्या आत निळा रंग गेला, तर दूध निकृष्ट समजावे. प्रयोगानंतर ते टाकून द्यावे. दोन नळ्यांत फरक दिसला, की मुले आपण होऊन विचारतील: वाटेत काय घडले?