वय, प्रकार आणि वाचक : काही मराठी कथात्म कृतींचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

मराठी कथात्म साहित्याची वर्गवारी सामान्यतः दोन आधारांवर केली जाते. पहिला आधार प्रकाराचा आहे. सामाजिक, ऐतिहासिक, ग्रामीण, रहस्यप्रधान, गूढ, विज्ञानविषयक असे कप्पे त्यातून तयार होतात. दुसरा आधार वाचकाच्या वयाचा आहे. बाल, कुमार आणि प्रौढ हे विभाग त्यातून येतात, पैकी तिसऱ्याला स्वतंत्र नाव देण्याची गरज कोणालाच भासत नाही. ग्रंथालयातील कपाटे, प्रकाशकांच्या सूची, वाङ्मयेतिहासाची प्रकरणे आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम या सर्वांनी ही वर्गवारी स्वीकारलेली आहे. सोय म्हणून तिला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र सोयीसाठी केलेली विभागणी पुढे मूल्यनिर्णयाचे काम करू लागते, तेव्हा तिची तपासणी आवश्यक ठरते. 'बालसाहित्य' ही संज्ञा वाचकाचे वय सांगते, परंतु समीक्षेत ती उच्चारली जाते तेव्हा कृतीची उंचीही तिने सांगून टाकलेली असते.

या प्रश्नाला अध्यापनाच्या दृष्टीने व्यावहारिक महत्त्व आहे. पदवीच्या वर्गात मराठी विषय घेऊन येणारा विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. भा. रा. भागवत, नारायण धारप, सुहास शिरवळकर, रत्नाकर मतकरी यांपैकी कोणाचे तरी बोट धरून तो वाचनात आलेला असतो. आजवर वाचले ते 'वाङ्मय' नव्हते, ही त्याला मिळणारी पहिली अप्रत्यक्ष शिकवण असते. ती त्याच्या हाती नवे पुस्तक देण्यापूर्वी जुने काढून घेते. म्हणूनच निरनिराळ्या प्रकारांतील आणि निरनिराळ्या वयांसाठीच्या काही कृती एका प्रौढ वाचकाने सलग वाचल्यास त्याचे मत काय होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. निवडीत सर्वसमावेशकतेचा दावा नाही.

पुण्यातील दोन महाविद्यालयीन कादंबऱ्या

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) आणि सुहास शिरवळकर यांची 'दुनियादारी' (१९८२) या दोन कादंबऱ्यांचा एकत्र उल्लेख सहसा होत नाही. पहिली अभ्यासक्रमात असते, तर दुसरी खाजगी वाचनालयात आणि वसतिगृहाच्या खोलीत. २०१३ साली आलेल्या चित्रपटामुळे 'दुनियादारी'ला वाचकांची नवी पिढी मिळाली, तरी समीक्षेने तिची फारशी दखल घेतली नाही. वास्तविक दोन्ही कादंबऱ्यांचा विषय वरवर पाहता एकच आहे. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेला तरुण, घराशी ताणलेले संबंध, मित्रांचे टोळके आणि वाया जाणारे दिवस हेच दोन्हीकडे आढळते.

दोहोंतील फरक विषयात शोधण्यात अर्थ नाही, तो निवेदनात आहे. पांडुरंग सांगवीकर स्वतःच्या हकिगतीवरही विश्वास ठेवत नाही. दैनंदिनी, बखरीचा थाट, भविष्यातील संशोधकांचे विडंबन अशा अनेक रूपांतून त्याची कथा पुढे सरकते, आणि कोणत्याही एका रूपात ती स्थिर होत नाही. याउलट 'दुनियादारी'तील श्रेयसच्या दुःखाला कट्ट्यावर उत्तर मिळते. मैत्री हे ते उत्तर होय. कट्ट्यावरील संवादांची लय शिरवळकरांनी अचूक पकडली आहे, आणि त्या बाबतीत त्यांचे ऋण मान्य करण्यात समीक्षेने संकोच करू नये. तथापि एम. के. हे दारूत बुडालेले पात्र ज्या क्षणी जीवनाचे तत्त्वज्ञान सांगू लागते, त्या क्षणी कादंबरी वाचकाचे बोट धरते. 'कोसला' ते सोडून देते. विसाव्या वर्षी बोट धरणारे पुस्तक हवेसे वाटणे यात गैर काही नाही.

'कोसला'च्या बाबतीत वयाचा प्रश्न आणखी एका प्रकारे उपस्थित होतो. विद्यार्थीदशेत ही कादंबरी वाचणाऱ्यास वसतिगृह, खाणावळ, संमेलनाचा खर्च आणि परीक्षा हाच तिचा गाभा वाटतो, आणि तो हसत हसत वाचतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर तीच कादंबरी पुन्हा उघडणाऱ्या वाचकाच्या बाबतीत तिचा गुरुत्वमध्य सरकलेला असतो. मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आता सर्व विनोदाच्या तळाशी दिसू लागतो, आणि ज्या वडिलांवर पांडुरंग चिडतो ते वडीलही प्रथमच माणूस म्हणून दिसतात. एकाच संहितेचे हे दोन वाचनानुभव आहेत, आणि त्यांपैकी एकालाच योग्य ठरविणे कठीण आहे. मग 'वयोगट' हा गुणधर्म पुस्तकाचा मानावा की वाचनाचा?

मुलासाठी आणि मुलाविषयी

भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला मुलगा. पुण्यात आलेल्या बाहेरगावच्या मुलांच्या परंपरेत पांडुरंगाच्या शेजारी त्याचीही नोंद करावयास हरकत नाही. प्रौढ वाचकाने ही पुस्तके पुन्हा वाचली असता कथानकातील योगायोग त्याला खटकतात. खलनायक फार लवकर ओळखू येतात. मुलींच्या वाट्याला साहसाचा लहानसाच हिस्सा येतो. ही मर्यादा काळाची आहे असे म्हणून सोडून देता येईल, परंतु ती नोंदविणे आवश्यक आहे. या सर्वांनंतर शिल्लक राहते ती भागवतांची भाषा. शब्दांच्या कोट्या, वाक्यांची धावती चाल आणि मुलाच्या बुद्धीवरचा विश्वास हे तिचे विशेष आहेत. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाने मुलांसाठी लिहिताना शब्दसंग्रह आखडता घेतलेला नाही. उपदेशाचा मोह त्यांनी टाळला, ही बाब साने गुरुजींच्या 'श्यामची आई'नंतरच्या (१९३५) वातावरणात विशेष लक्षणीय ठरते. 'श्यामची आई'ची करुणा थोर आहे, पण तिच्या अनुकरणातून निर्माण झालेल्या बोधकथांनी मराठी मुलांना पुष्कळ कंटाळा दिला, हेही खरे.

प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) यांचा लंपन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांतून येणारा हा मुलगा आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील एका गावात आजीआजोबांकडे राहतो. त्याच्या मराठीत कन्नड मिसळलेले आहे. गावातली झाडे, वाटा, शाळा, संगीताचा वर्ग, शेजारची सुमी यांविषयी तो भरभरून बोलतो. आपण इथे का आहोत आणि आई तिकडे का आहे, याविषयी मात्र तो क्वचितच सरळ बोलतो. या कथांचे सामर्थ्य नेमके या अंतरात आहे. मुलगा जे सांगतो त्यापेक्षा अधिक वाचकाला कळते, आणि त्या अधिक कळण्याचा भार वाचकालाच वाहावा लागतो. संतांनी कोठेही निवेदकाच्या तोंडी प्रौढाचे शहाणपण घातलेले नाही. मराठीतील आठवणीवजा लेखनात बालपण बहुधा नंतरच्या ज्ञानाने उजळून सांगितले जाते. लंपनच्या कथांत ते ज्ञान बाहेरच थांबते.

या कथा मुलांसाठी आहेत काय? सर्वसाधारण उत्तर नकारार्थी दिले जाते. परंतु बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्या वाचू शकते आणि खळखळून हसू शकते. त्यातील वियोग तिला कदाचित नंतर कळेल. 'कोसला'च्या वाचनाची जी दोन रूपे वर पाहिली, तीच येथे आणखी लहान वयात सुरू होतात. लंपन प्रौढांच्या कपाटात आणि फेणे मुलांच्या कपाटात ठेवल्याने दोन्ही कपाटांचे नुकसान झाले आहे.

विज्ञानकथा आणि एक फाटलेले पान

जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविली गेली आणि पुरस्कारास पात्र ठरली. पुढे 'यक्षांची देणगी' (१९७९) हा संग्रह आला. या लेखनावर एक आक्षेप सातत्याने घेतला जातो व तो रास्त आहे. नारळीकरांची पात्रे बहुधा कल्पनेची वाहने असतात. त्यांच्या बोलण्यावरून त्यांचे गाव, जात, वय, राग-लोभ यांचा अंदाज येत नाही. शेवटी एक जाणकार पात्र दुसऱ्यास सर्व काही समजावून सांगते.

हे मान्य करूनही 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वेगळी काढावी लागते. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे १७६१ च्या पानिपतात मराठे विजयी झाले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे कानाजवळून निघून जाते. परत आल्यावर त्यांच्याजवळ बखरीचे एक पान उरते. स्पष्टीकरणासाठी पुंजवादाचा आधार घेतला आहे, पण मराठी वाचकाच्या मनात घर करते ते पान. पानिपत ही मराठी मनाची जुनी जखम आहे, आणि 'जर तर'चा खेळ प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी झालेला असतो. नारळीकरांनी त्या खेळाला भौतिकशास्त्राची बैठक दिली, आणि तसे करताना विजयाचे रम्य चित्र रंगविण्याऐवजी इतिहासकाराला त्या जगातल्या सभेत उपरा ठरविले. ऐतिहासिक कादंबरीतील गौरवगाथेवर याहून सौम्य आणि परिणामकारक टीका विरळच. गमतीचा भाग असा की ही कथा इंग्रजी रूपात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली. मराठी कथेचा विचार करताना मात्र तिचा उल्लेख 'विज्ञानकथा' या उपविभागापुरताच मर्यादित राहतो.

'धूमकेतू' या कथेतही असाच एक अवघड क्षण आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिक उपायाने वळविला जातो, परंतु शोधकर्त्याच्या घरी त्याचे श्रेय शांतियज्ञाला दिले जाते. विज्ञान आकाशात जिंकते व घरात हरते. कथा येथे पत्नीची टिंगल करीत नाही, ही तिची सभ्यता आहे.

भीतीचे दोन लेखक

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. चाहते त्यांना निर्विवाद श्रेष्ठ मानतात, समीक्षक त्यांना वाचतच नाहीत. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, आणि उसनवारीचा हा प्रश्न केवळ तिच्यापुरता नाही. ऋणनिर्देशाच्या बाबतीत मराठी लोकप्रिय साहित्य एकंदरच सैल राहिले आहे, त्याचे समर्थन करता येत नाही. मात्र उसन्या कथाबीजाला मराठी घर, मराठी नातीगोती आणि मराठी बोलणे देताना धारपांनी जे कौशल्य दाखविले, त्याचा अभ्यास रूपांतराच्या अंगाने व्हावयास हवा. त्यांचे खरे अपयश अन्यत्र आहे. समर्थ हा त्यांचा दैवी सामर्थ्याचा नायक कथेत आला की भीती संपते, कारण शेवट काय होणार हे वाचकास ठाऊक असते. ज्या कथांत समर्थ नाहीत, तेथे धारप अधिक चांगले लेखक आहेत. २०१८ साली आलेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची प्रेरणा म्हणून धारपांच्या कथेचा उल्लेख झाला, तेव्हा अनेक सुशिक्षित मराठी वाचकांनी त्यांचे नाव जणू प्रथमच ऐकल्यासारखे केले.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या गूढकथेत भीती बाहेरून येत नाही, ती माणसाच्या मत्सरातून, हव्यासातून, अपराधभावातून उगवते. याच लेखकाने 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकीण निर्माण केली. एकाच लेखकाची ही दोन कामे दोन वेगळ्या प्रकरणांत विभागली गेल्याने एक साधी गोष्ट दृष्टिआड झाली. मुलांना हसविणारी चेटकीण आणि प्रौढांची झोप उडविणारी गूढकथा यांत एकच जाण आहे. दुष्टपणाला रूप मिळाले की त्याच्याकडे पाहता येते. मुलांसमोर ते रूप रंगमंचावर येऊन नाचते, प्रौढ वाचकाला ते स्वतःच्या घरात शोधावे लागते. मतकरींच्या समग्र लेखनाकडे या दृष्टीने पाहिले गेल्यास गूढकथा आणि बालनाट्य या दोन्ही प्रकारांविषयीची मराठी समीक्षा पुढे जाऊ शकेल.

सर्वांत लहान वाचक

शेवटी माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' आणि 'यश' या पुस्तकमालांचा विचार करावयास हवा. अक्षरओळख होण्यापूर्वीच्या वा नुकतीच झालेल्या मुलांसाठीची ही पुस्तके आहेत. मजकूर आणि चित्रे दोन्ही पुरंदरे यांचीच. 'पिकासो'सारखा ग्रंथ लिहिणाऱ्या लेखिकेची ही कामे 'मुलांची गोड पुस्तके' या शेऱ्यात संपविली जातात. या पुस्तकांतील घर नीटनेटके नाही, माणसे आपापल्या कामात आहेत, आणि मजकूर जे सांगत नाही ते चित्राच्या कोपऱ्यात घडत असते. मांडीवर बसून ऐकणारे मूल ते आधी पाहते. वाचून दाखविणारा प्रौढ ओळीवरून ओळीवर जात असल्याने त्याच्या ते लक्षात येत नाही, आणि मूलच त्याला थांबवून बोटाने दाखविते. लंपनच्या कथेत मुलापेक्षा वाचकाला अधिक कळते, येथे नाते उलटे झाले आहे. या उलट्या नात्याचे वर्णन करण्यासाठी लागणारी परिभाषा मराठी समीक्षेजवळ अद्याप नाही. निवेदक, दृष्टिकोन, कथनकाळ या संज्ञा शब्दांपुरत्या आहेत, आणि येथे अर्धे निवेदन रेषेने केलेले आहे.