‘इंधन’ आणि कथेबाहेर राहिलेला मुलगा

हमीद दलवाईंचे नाव काढले की आपल्यात अजूनही दोन तट पडतात. १९६६ चा तोंडी तलाकविरोधी मोर्चा, १९७० मध्ये स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, त्यांची परखड भाषणे यांवर आपण इतके भांडलो की चिपळूणजवळच्या मिरजोळीचा कादंबरीकार दलवाई त्या भांडणात हरवला. ‘इंधन’ १९६५ साली आली. कॉलेजात असताना वाचली तेव्हा मी संतापलो होतो. ‘घरातली लक्तरे वेशीवर टांगण्याची हौस’ असे माझ्या जुन्या प्रतीच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. ती प्रत २०२५ च्या मार्चमध्ये मालवणात पुन्हा उघडली.

निमित्त सांगायला हवे. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला. त्या रात्री मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. आईवडिलांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेने दुकान पाडले. पाडकामावरून दाखल झालेल्या अवमान याचिकेवर २४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली. मुलाने घोषणा दिली की नाही, याचा निवाडा करणारा मी कोण? पण त्या आठवड्यात बाजारात एरवी ‘काय चाचा, कधी इलास?’ म्हणून हाक मारणारा माणूस मान खाली घालून मासळी निवडत राहिला. आणि आमच्या ओटीवर बसलेली कॉलेजातली पोरे एकदम गप्प झाली. मला भीती वाटली ती त्या गप्प बसण्याची.

‘इंधन’चा निवेदक हृदयविकाराने आजारी, विश्रांतीसाठी अनेक वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला. त्याच्या डोळ्यांसमोर गाव हळूहळू पेटत जाते. ठिणगी टाकणारा एक खलनायक दलवाई दाखवत नाहीत. जमिनीची कुरबूर, जातीचा ताठा, बाईबाप्याच्या संबंधांची कुजबूज, कधीचा तरी गिळलेला अपमान, हे सगळे रचले जात असताना माणसे जेवतात, झोपतात, थट्टा करतात. निवेदकाला कळते, पण करता काही येत नाही. तरुणपणी मला हा त्याचा भेकडपणा वाटला होता. आता वाटते, तो बराचसा आपल्यासारखा आहे.

तरीही कादंबरीत एक पोकळी आहे. दलवाई मशिदीकडे बाहेरून पाहतात. श्रद्धेने माणसाला मिळणारा धीर त्यांच्या लेखणीला परका आहे. म्हणून धर्माच्याच नावाने ओढला जाणारा मुलगा त्यांच्या चौकटीत बसत नाही. तो लिहिण्याचे काम त्यांच्यानंतरच्यांवर, म्हणजे आपल्यावर, येऊन पडले.

आपण काय केले? १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, लिहिते हात वाढले. पण आपल्या कथांत तरुण मुसलमान बहुधा दोनच रूपांत येतो. एक दंगलीत होरपळलेला, दुसरा शेजाऱ्याला वाचवताना जीव देणारा. दोघेही खरे आहेत. तिसरा मात्र येत नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतीच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून ‘इस्लामिक स्टेट’कडे वळले. शिकलेली, खात्यापित्या घरची मुले. एकजण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला. त्यांच्या घरातले आदले काही महिने कसे गेले असतील? मुलगा आईला दर्ग्याच्या उरुसाला जाण्यावरून बोलू लागला, जुना दोस्त दारावरून परत गेला, खोलीचे दार लागले आणि आत फोन उजळत राहिला, असे काही झाले असेल का? ही कथा मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही.

दाढी वाढवली, नमाज सुरू केली म्हणजे मुलगा बिघडला, असे मी म्हणत नाही. उलट तसा संशय घेणारे घरच त्याला दूर लोटते. नजर हवी ती वेगळीकडे: माणसांची शुद्ध आणि अशुद्ध अशी वाटणी, घरच्यांविषयी तिरस्कार, लपवाछपवी, आणि खून करणेही रास्त आहे ही सवयीची भाषा. महाराष्ट्रात दहशतवादविरोधी पथकाने अशा काही मुलांवर खटले न भरता कुटुंब आणि उलेमांच्या मदतीने समुपदेशन केले. चांगले झाले. पण पोलीस घरी येतो तो उशिरा. आधी कळते ते आईला, आणि जे दिसते आहे ते कसे बोलावे हे तिला माहीत नसते. ते बोलायचे शब्द कथा देऊ शकते.

हे केवळ आपलेच दुखणे नाही. शेजारच्या गोव्यात, मडगावला, १६ ऑक्टोबर २००९ ला नरकासुराच्या रात्री स्कूटरवरची स्फोटके फुटून ती नेणारे दोघे तरुण मेले. त्यांच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असणार. मराठीतल्या हिंदू लेखकांनी त्या घरांत किती डोकावून पाहिले, हा प्रश्न त्यांना विचारायचा आहे. पण आधी स्वतःला.

लेखक तो तिसरा मुलगा टाळतात, त्यामागे भीती आहे. लिहिले तर आपलेच वाक्य उद्या आपल्यावर फेकले जाईल. ही भीती खोटी नाही. दहाएक वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका तरुणाने मला कथा वाचायला दिली होती. धाकटा भाऊ बदलत जातो आणि थोरला ते पाहतो, एवढीच. शेवटी थोरला रात्रभर भावाच्या दाराबाहेर बसतो. हात थरथरत असावा, अक्षर तसे होते. मी वाचली आणि म्हणालो, ‘चांगली आहे, पण हे दिवस बरे नाहीत, छापू नकोस. भाऊ सुधारतो असे काही कर.’ तो काही बोलला नाही. कथा घेऊन गेला. पुन्हा त्याने मला काही दाखवले नाही, आणि त्या कथेची प्रत माझ्याकडे नाही.