गाणे कुणासमोर गायचे?

३० एप्रिल १९७८, रविवार. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनमधल्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला, तेव्हा तिथे ऐंशी हजारांच्या आसपास माणसे जमली होती. द क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन बँड असे त्या वेळचे गाजणारे बँड मंचावर होते. स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि नॅशनल फ्रंट हा उघड वंशद्वेषी पक्ष त्याच भागात पाय रोवू पाहत होता. रॉक संगीताच्या इतिहासात हा दिवस आजही अभिमानाने सांगितला जातो. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, मतदानाच्या दिवशी संध्याकाळी, तिथून फार लांब नसलेल्या व्हाइटचॅपेलमध्ये अल्ताब अली या पंचविशीतल्या बांगलादेशी शिलाई कामगाराला कामावरून घरी जाताना भोसकून मारण्यात आले.

गाण्याने द्वेषाला हरवले असे म्हणणारे पहिली तारीख सांगतात. गाण्याने काय होणार, असे विचारणारे दुसरी. मला या दोन्ही तारखा एकत्र वाचाव्याशा वाटतात. कलावंतांनी अतिउजव्या राजकारणाविरुद्ध बोलावे की नाही, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. कुठल्याही नागरिकाइतकाच त्यांनाही बोलण्याचा हक्क आहे, आणि तेवढ्यावर तो वाद मिटायला हवा. समीक्षेला खरे काम उरते ते पुढे: ते कुणासमोर बोलले आणि कुणाच्या शेजारी उभे राहून बोलले?

ब्रिटनमधल्या या चळवळीला निमित्त झाले ते एका थोर गिटारवादकाचे. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये दारूच्या नशेतल्या एरिक क्लॅप्टनने भर कार्यक्रमात इनॉक पॉवेलची बाजू घेतली आणि ब्रिटन गोऱ्यांचेच राहिले पाहिजे असे सुनावले. पॉवेल म्हणजे १९६८ साली त्याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण करणारा खासदार. क्लॅप्टनचे सगळे वादन अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजवर पोसलेले. दोनच वर्षांपूर्वी त्याला अमेरिकेत पहिला क्रमांक मिळाला होता तोही जमैकाच्या बॉब मार्लीच्या गाण्यावर. आणि तो बोलला त्याच्या दोन महिने आधी साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा भररस्त्यात खून झाला होता. छायाचित्रकार रेड सॉन्डर्स, रॉजर हडल आणि त्यांच्या मित्रांनी क्लॅप्टनच्या या कृतघ्नतेवर बोट ठेवणारे पत्र संगीतविषयक साप्ताहिकांना पाठवले आणि शेवटी संपर्काचा पत्ता दिला. शेकडो उत्तरे आली. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभी राहिली.

या चळवळीने पत्रके काढली, बिल्ले वाटले, ‘टेम्पररी होर्डिंग’ नावाचे नियतकालिकही चालवले. पण तिची खरी प्रतिभा दिसली ती कार्यक्रमांच्या आखणीत. गोऱ्या पोरांचा पंक बँड आणि काळ्या पोरांचा रेगे बँड एकाच मंचावर आणायचे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून वाजवायचे. पंकसाठी आलेल्याला रेगे ऐकल्यावाचून घरी जाता येत नसे. वंशद्वेष वाईट असतो हे त्याला कुणी समजावत बसले नाही. ज्यांच्याविरुद्ध त्याच्या शाळेच्या भिंतीवर घोषणा रंगवल्या जात, त्यांच्या तालावर त्याची पावले हलली. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या स्टील पल्सचे काळे गायक कू क्लक्स क्लॅनचे पांढरे टोकदार बुरखे घालून गोऱ्या श्रोत्यांसमोर उभे राहत. त्या एका दृश्यात जे होते, ते कुठल्याही निवेदनात मावले नसते.

आणि याचा परिणाम संगीतात उतरला. १९७८ च्या जूनमध्ये आलेल्या क्लॅशच्या ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ या गाण्यात रेगे आणि रॉक एकमेकांत मुरलेले आहेत. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीच्या जेरी डॅमर्सने ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या मुख्य बँडमध्ये, म्हणजे द स्पेशल्समध्ये, काळे आणि गोरे वादक एकत्र होते. आधी मंच मिश्र झाला, मग बँड मिश्र झाले, मग तालच मिश्र झाला. जुलै १९८१ मध्ये ब्रिटनच्या शहरांत दंगली पेटल्या असताना स्पेशल्सचे ‘घोस्ट टाउन’ पहिल्या क्रमांकावर होते. राजकीय भूमिकेतून कलेची प्रत खालावते असे म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षे नीट ऐकावीत. इतक्या थोड्या काळात इतके नवे संगीत त्या देशाने क्वचितच निर्माण केले असेल.

तरीही या मिश्र मंचावर एक जागा रिकामी होती. मार खाणाऱ्यांत मोठा वाटा दक्षिण आशियाई लोकांचा होता; चग्गर आणि अल्ताब अली दोघेही आपल्या उपखंडातले. मंचावर मात्र पंजाबी, बंगाली जवळजवळ नव्हतेच. पंक आणि रेगे यांची सोयरीक जुळली; साउथॉलच्या लग्नघरांत वाजणारा ढोल तिच्यात कुणी आणला नाही. ब्रिटिश पाकिस्तानी तरुणांचा एलियन कल्चर हा छोटा पंक बँड १९७९ मध्ये निघाला, पण अपवाद म्हणूनच. एशियन डब फाउंडेशनसारखा बँड यायला नव्वदीचे दशक उजाडावे लागले. त्याहून बोचणारी गोष्ट २४ सप्टेंबर १९७८ ची. त्या दिवशी दक्षिण लंडनच्या ब्रॉकवेल पार्कात दुसरा मोठा जलसा भरला होता आणि त्याच वेळी नॅशनल फ्रंटचा मोर्चा पूर्व लंडनमध्ये, ब्रिक लेनच्या बंगाली वस्तीच्या अंगावर चालून गेला. वस्तीच्या रक्षणाला जे उभे राहिले ते संख्येने थोडे होते. गर्दी गाणी ऐकत होती. आयोजकांवर तेव्हाच टीका झाली, आणि ती रास्त होती.

पण या चळवळीचे संगीतकार मंचापुरतेच शूर होते असे कुणी म्हणू नये. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंटने मुद्दाम साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये प्रचारसभा ठेवली. विरोधात जमलेल्यांवर पोलीस तुटून पडले. ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यावरच्या घावाने मेला. तो घाव बहुधा पोलिसाचाच होता, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलिसांच्याच अंतर्गत अहवालात म्हटले आहे. त्याच दिवशी मिस्टी इन रूट्स या रेगे बँडच्या मंडळींचे पार्क व्ह्यू रोडवरचे ठिकाण पोलिसांनी उद्ध्वस्त केले, ध्वनियंत्रणा फोडली. बँडचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर कवटीला मार लागून बेशुद्ध पडला. चळवळीच्या मंचांवर सर्वाधिक वेळा वाजवणाऱ्यांपैकी हा बँड.

दहाच दिवसांनी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले आणि सगळी मिळून दोन लाखांहून कमी मते मिळवली, जेमतेम ०.६ टक्के. चळवळीचे चाहते याचे श्रेय जलशांना देतात. मला ते पूर्ण पटत नाही. मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८ मध्येच दूरचित्रवाणीवर, लोकांना परक्या संस्कृतीच्या लोंढ्याखाली बुडून जाण्याची भीती वाटते, असे सांगून त्या मतदारासाठी आपल्या पक्षाचे दार उघडले होते. जलशांनी मते किती वळवली हे कुणी मोजू शकत नाही. पण नॅशनल फ्रंटला तरुणांमध्ये मिळू लागलेली प्रतिष्ठा त्यांनी काढून घेतली, एवढे मात्र निश्चित. त्या पक्षाचा बिल्ला लावून पंकच्या कार्यक्रमाला जाणे ही तोवर खपून जाणारी गोष्ट होती.

संगीताची ही ताकद विरोधी गोटानेही ओळखली होती. नॅशनल फ्रंटच्या तरुणांनी ‘रॉक अगेन्स्ट कम्युनिझम’ नावाने उलटे जलसे सुरू केले. स्क्रूड्रायव्हर हा लँकेशरचा साधा पंक बँड बघता बघता नव-नाझींचा लाडका झाला, आणि १९८७ मध्ये त्याच्या गायकाच्या पुढाकाराने ‘ब्लड अँड ऑनर’ हे जाळे उभे राहिले. ते पुढे जर्मनीत पोचले. तिथल्या लँडझर या बँडला २००३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने गुन्हेगारी संघटना ठरवले. तरी २००४ मध्ये एनपीडी या अतिउजव्या पक्षाने शाळकरी मुलांना गाण्यांच्या सीडी फुकट वाटल्या, आणि त्याच वर्षी सॅक्सनी राज्यात ९.२ टक्के मते घेऊन तो विधानसभेत शिरला. सोळा वर्षांच्या मुलापर्यंत पत्रक पोचत नाही, गाणे पोचते, हे त्या पक्षाला नेमके कळले होते.

जर्मनीत संगीतकारांनी दिलेले उत्तरही मोठे होते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉकच्या लिश्टनहागन भागात आश्रितांच्या इमारतीवर जमाव चालून गेला आणि शेजारी टाळ्या वाजवत उभे राहिले. त्यानंतर ९ नोव्हेंबरला, १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनी, कोलोनच्या क्लोडविग चौकात ‘बाप’ (BAP) आणि इतर स्थानिक बँड एक लाख लोकांसमोर गायले, तेही कोलोनच्या बोलीभाषेत. प्रमाण जर्मनमध्ये गायले असते तर तो एक राष्ट्रीय कार्यक्रम झाला असता. बोलीत गायल्यामुळे तो घरातला जाब झाला: आपल्या गल्लीत हे चालणार नाही. पुढच्या वर्षी डी एर्त्स्टे या बँडचे नव-नाझी तरुणाची हेटाळणी करणारे ‘श्राय नाख लीबे’ आले. बावीस वर्षांनी, २०१५ मध्ये, निर्वासितांच्या निवाऱ्यांवर हल्ले वाढले तेव्हा लोकांनी मोहीम काढून तेच गाणे थेट पहिल्या क्रमांकावर नेले; बँडने त्याची मिळकत निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. गाण्याचा हा मोठाच सन्मान. पण त्यातच आजच्या अवस्थेवरचा ताशेराही आहे. लाखो लोकांना बोलायचे होते आणि त्यांच्यापाशी त्या वर्षाचे गाणे नव्हते.

सॅक्सनीतल्या केम्निट्झची गोष्ट तशीच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे एका तरुणाचा चाकूहल्ल्यात मृत्यू झाला आणि त्याचे निमित्त करून अतिउजवे जमाव परदेशी दिसणाऱ्यांच्या मागे धावले. ३ सप्टेंबरला त्याच शहरातल्या क्राफ्टक्लुब या बँडच्या पुढाकाराने विनामूल्य जलसा झाला. पासष्ट हजार लोक आले. टोटन होझन हा तिथला सर्वांत मोठा बँड. त्या रात्री त्यांनी वाजवले तेही १९९३ चे ते गाणेच. क्राफ्टक्लुबच्या गायकाने आधीच सांगितले होते की एका जलशाने जग वाचेल अशा भ्रमात आम्ही नाही. टीकाकारांनी मात्र त्याच मंचावरच्या फायने झाने फिशफिले या बँडला धरले. या बँडचे नाव काही वर्षे मेक्लेनबुर्गच्या घटनासंरक्षण खात्याच्या, म्हणजे अंतर्गत गुप्तचर यंत्रणेच्या, अहवालांत होते, जुन्या गाण्यांत पोलिसांविषयी हिंसक भाषा होती. अशा बँडच्या कार्यक्रमाची माहिती राष्ट्राध्यक्षांनी लोकांना का द्यावी, असा सवाल झाला. तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. द्वेषाविरुद्ध गाणाऱ्याच्या शब्दांची छाननी होणारच. पण पुढच्याच महिन्यात जे घडले ते वेगळ्या जातीचे होते. निदर्शनांच्या धमक्या येताच डेसाउच्या बाउहाउस संस्थेने याच बँडचा ठरलेला कार्यक्रम आपल्या वास्तूत होऊ दिला नाही. हे बाउहाउस १९३२ मध्ये नाझींच्या बहुमताने त्याच शहरातून हाकलले गेले होते. इतका जवळचा इतिहास असलेली संस्था वाकते, तेव्हा तिचा अपराध अधिक मोठा. बँडने डेसाउमध्येच दुसऱ्या जागी कार्यक्रम केला.

तरीही २०१९ मध्ये सॅक्सनीत एएफडी या अतिउजव्या पक्षाने २७.५ टक्के मते घेतली, २०२४ मध्ये ३०.६ टक्के. केम्निट्झमध्ये जमलेल्यांतले बहुतेक आधीपासूनच त्या पक्षाच्या विरोधात होते. त्यांना एकमेकांचा आधार मिळाला, भेदरलेल्या शहरात रस्त्यावर उतरायचे बळ मिळाले. हे कमी नव्हे. पण पंकच्या श्रोत्यांसमोर नाझींना शिवी देणाऱ्या पंक गायकाला गमावण्यासारखे काहीच नसते. मैदान त्याचेच, टाळ्याही ठरलेल्या.

रोलांड कायझरची गोष्ट निराळी. तो श्लागरचा गायक, म्हणजे घराघरांत, लग्नांत, वाढदिवसांत वाजणाऱ्या गोड प्रेमगीतांचा. समीक्षक या संगीताकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीकाठी दर उन्हाळ्यात होणाऱ्या त्याच्या कार्यक्रमांना तुडुंब गर्दी लोटते. जानेवारी २०१५ मध्ये, त्याच ड्रेस्डेनमध्ये पेगिडाचे इस्लामविरोधी मोर्चे आठवड्यागणिक फुगत असताना, तो एका जाहीर सभेत उभा राहिला आणि मोकळ्या, सर्वांना सामावणाऱ्या शहराची बाजू घेऊन बोलला. त्याच्या स्वतःच्या चाहत्यांनी त्याला शिव्या घातल्या, यापुढे तुझे गाणे ऐकणार नाही असे कळवले. गाणाऱ्याने गावे, राजकारण करू नये, हे वाक्य मराठी वाचकाच्याही कानांवरून गेलेले आहे. ते कधी उच्चारले जाते ते पाहावे: आपल्या मनासारखे बोलणाऱ्या गायकाला ते कुणी ऐकवत नाही. कायझर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच नदीकाठी गायला. केम्निट्झनंतर हेलेने फिशर या त्याच परंपरेतल्या लोकप्रिय गायिकेनेही बर्लिनच्या कार्यक्रमात परकीयद्वेषाविरुद्ध आवाज उठवण्याचे आवाहन केले. वाक्ये साधी होती. ती ऐकणाऱ्या सभागृहात मात्र सगळ्या पक्षांचे मतदार बसले होते.

आणि जामेल. मेक्लेनबुर्गमधले हे चिमुकले खेडे नव-नाझींनी जवळजवळ व्यापलेले. लोहमायर दांपत्य २००४ मध्ये हॅम्बुर्गहून तिथे राहायला आले, आणि हाकलले जाण्याऐवजी त्यांनी २००७ पासून स्वतःच्या आवारात संगीतोत्सव भरवायला सुरुवात केली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे कोठार जाळण्यात आले. काही दिवसांनी उत्सव झाला, आणि टोटन होझन न सांगता तिथे येऊन वाजवून गेले. केम्निट्झच्या मैदानात जे त्यांना सहज होते, ते इथे शत्रूच्या दारात, शेजारधर्म म्हणून त्यांनी केले.

आज भूमिका घेणारे कलावंत वाढले आहेत. एका बोटाच्या टोकाने भूमिका घेता येते. अशा निवेदनांनी संगीत बदलत नाही, मंचावर शेजारी कोण उभे आहे तेही बदलत नाही. म्हणून गेल्या दशकातल्या या साऱ्या घडामोडींत मी केम्निट्झच्या पासष्ट हजारांच्या वर ड्रेस्डेनमधले एका प्रेमगीतांच्या गायकाचे छोटे भाषण आणि जामेलचे ते आवार यांना स्थान देतो. आणि कला म्हणून या दोहोंच्या वर, आजही, १९७८ चा स्टील पल्स.