प्याला आणि माड

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मद्याचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी घराच्या डोळ्यांपुढे सुधाकर आणि सिंधू उभी राहतात. नाटकाच्या सामर्थ्याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो त्याच्या वाचकांशी. एका वकिलाच्या घराची शोककथा हाच मद्याचा समग्र इतिहास, असे त्यांनी मानले. प्याला सर्वांनी पाहिला. तो भरणारा हात किती जणांनी पाहिला?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो हात भंडाऱ्याचा होता. ही भूमी जवाची नव्हे, माडाची. म्हणून येथील मद्यकार माडावर चढे. न उमललेली पोय दोरीने आवळावी, हलक्या हाताने ठोकावी, तिचे टोक रोज कोयत्याने तासावे आणि त्याला मडके अडकवावे, असा हा उद्योग. पहाटेची गोड नीरा ऊन चढेल तशी आपोआप आंबून माडी होते. तीच भट्टीवर चढवून अर्क गाळला की दारू. अधिक दिवस ठेवली तर शिरका. हात किंचित चुकला तर पोय वाया जाई, पाय चुकला तर माणूस. 1679 मध्ये खांदेरीच्या झुंजीत शिवछत्रपतींच्या आरमाराकडून लढलेला मायनाक भंडारी याच ज्ञातीचा.

मुंबई इलाख्याच्या 1878 च्या अबकारी कायद्याने माड छेदण्यापासून दारू विकण्यापर्यंत सर्व व्यवहार सरकारी परवान्याखाली आणला. 1949 च्या दारूबंदी कायद्याने भट्ट्या विझविल्या. निदान उघड्यावरच्या तरी. चोरट्या भट्ट्या चालूच राहिल्या. त्याच किनाऱ्यावर, तेरेखोलपलीकडे, 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. तेथील काजूच्या फेणीस 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अलीकडे मात्र बी काढून घेतल्यावर काजूचे बोंडू बहुधा बागेतच कुजते. झाडे तीच, हवा तीच. एकीकडे कसबास प्रतिष्ठा लाभली, दुसरीकडे तेच कसब लपवावे लागले.

आम्ही मद्यपानाचे कैवारी नव्हे. सिंधूचे अश्रू खरे आहेत, आणि तसे अश्रू भंडाऱ्याच्या घरातही गळले असतील. परंतु आर्य मदिरा मंडळात जे बसले ते शिकलेले लोक होते; बंदीने ज्याची उपजीविका गेली तो त्या मंडळाचा सभासद कधीच नव्हता. सुधाकराच्या पापाची शिक्षा माडावरच्या माणसाला झाली, हा विचार आमच्या समीक्षेला शिवला नाही. कारण नाटक पाहताना आम्ही सर्व सुधाकराच्या दिवाणखान्यात बसलो होतो.

नाटककाराने सर्वच सांगावे, अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. उणीव भरून काढणे हे पुढच्या लेखकांचे काम. पोय बांधण्याची रीत हाताने जाणणारी माणसे रत्नागिरीत आहेत तोवर कोणीतरी त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी, आणि मगच 'एकच प्याला' पुन्हा वाचावे.