गिटार ओ देते तेव्हा

शिकागोच्या रीगल नाट्यगृहात २१ नोव्हेंबर १९६४ रोजी बी. बी. किंग यांचा कार्यक्रम झाला. त्याची ‘लाइव्ह ॲट द रीगल’ ही ध्वनिमुद्रिका आम्ही अलीकडे पुन्हा ऐकली. किंग गातात तेव्हा त्यांची गिटार बहुधा गप्प असते. ती बोलू लागली की ते थांबतात. गाणे आणि वाजवणे आपल्याला एकत्र साधत नाही, अशी कबुली ते स्वतःच देत. नात्यातले बुक्का व्हाइट तारेवर नळी सरकवून जो आर्त स्वर काढीत, तोही त्यांना जमला नाही. मग डाव्या हाताचे बोट तारेवर कंपवून त्यांनी तो शोधला. समीक्षक यास शैली म्हणतात. आम्हांस तो स्वतःच्या उणिवेशी केलेला प्रामाणिक व्यवहार वाटतो.

मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत १९२५ साली जन्मलेल्या या मुलास गिटारचे पहिले धडे मिळाले ते एका धर्मोपदेशकाकडून. ब्लूज हे सैतानाचे संगीत, असे मानणाऱ्या भाविकांनी (आपल्याकडेही ते थोडे नाहीत!) हे ध्यानी घ्यावे. उपदेशकाने हाक द्यावी, मंडळीने ओ द्यावी, ही प्रार्थनागृहातली रीत येथे जशीच्या तशी आहे. लितानी म्हणत वाढलेल्या आपल्या वाचकांस ती परकी वाटू नये. येथे ओ देते ती ‘लूसिल’; गिटारला त्यांनी दिलेले हे नाव.

श्रोत्यांचा गलका कधी सुरांवर चढतो, तो काहींना खटकेल. आम्हांस तो हवासा वाटला. १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम करीत गावोगाव फिरलेल्या या वादकाला असेच श्रोते ठाऊक होते.